मुलांच्या औषधोपचारास कायद्याचा आधार हवा

शेतकऱ्यांच्या मासिकात बी-बियाणे, खते, कीड, बाजारभाव व पाणीपट्टी ह्यांची चर्चा व्हावी. मुलांच्या औषधोपचाराची चर्चा तेथे कशाला, असा प्रश्न हे शीर्षक पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या मनात येईल. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या पिशवीतून बियाण्याचा पैसा निघतो त्याच पिशवीतून दवाखान्याचाही पैसा निघतो. शेतकऱ्याच्या घरी दोन निरनिराळ्या तिजोऱ्या नसतात. मृगाच्या तोंडावर मूल अंथरुणास खिळले आणि त्यास तालुक्याहून जिल्ह्यास व जिल्ह्याहून मोठ्या शहरास न्यावे लागले, म्हणजे खतासाठी ठेवलेली रक्कम प्रथम जाते, मग दुभते जनावर जाते, मग घरच्या बाईच्या अंगावरचे सोने जाते आणि शेवटी जमिनीचा तुकडा गहाण पडतो. नापिकीने झालेले कर्ज पुढल्या बऱ्या सालाने फिटण्याची आशा तरी असते. आजारपणाने झालेल्या कर्जामागे कोणतेच पीक उभे नसते. म्हणून हा विषय आम्ही शेतीच्या भांडवलाचाच विषय समजतो, आणि त्याच दृष्टीने त्याचा येथे विचार करणार आहो.

आपल्या राज्यात ह्या खर्चाचा बराच भार सरकारने उचललेला आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यास लागू झाली. दर कुटुंबास दर वर्षी दीड लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार रोकड पैसा न भरता मिळावेत, अशी तिची रचना होती. २०१७ साली तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना निघाली व पुढे दोहोंची सांगड घालण्यात आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने खर्चाची मर्यादा ५ लाख रुपये झाली, उपचारांची संख्या १,३५६ ठरली आणि पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांस योजनेची दारे उघडली गेली. १ जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. हृदयात जन्मतः दोष असलेल्या कित्येक बालकांस ह्या योजनेमुळे जीवदान मिळाले आहे. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला त्यांस तिची किंमत आम्ही सांगावयास नको.

तथापि, उत्तम पिकाकडे पाहून समाधान मानणारा शेतकरीही बांधाकडे नजर टाकल्यावाचून राहत नाही. ही योजना कोणत्या बांधाने राखलेली आहे, हे पाहू गेल्यास दोन गोष्टी दिसून येतात. एक, ती शासन निर्णयांवर उभी आहे. मुलास उपचाराचा हक्क देणारा विधिमंडळाचा कायदा तिच्या पाठीशी नाही. दुसरी, मुलाचे संरक्षण मुलाच्या नावाने नसून कुटुंबाच्या कागदाच्या आधाराने आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मुलाच्या औषधोपचाराचा हक्क विधिमंडळाच्या कायद्यावर उभा असावा आणि तो मिळण्यास मुलाचे वय एवढीच अट पुरेशी असावी. ह्यांपैकी एक खांब कच्चा राहिला तरी काय होते, ते पुढे दाखवतो.

शासन निर्णय आणि कायदा ह्यांतील भेद शेतकऱ्यास वकिलाकडून शिकावयास नको. पीकविम्याने तो त्यास शिकवला आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा देण्याचे सरकारने ठरवले. शेतकऱ्याच्या वाट्याचा उरलेला हप्ता राज्य सरकार भरू लागले. २०२५ च्या खरिपापूर्वी सरकारने ती सवलत काढून घेतली, आणि खरीप पिकास शेकडा २, रब्बीस शेकडा दीड व नगदी पिकास शेकडा ५ असा हप्ता शेतकऱ्यास पुन्हा भरावा लागला. ती सवलत देणे योग्य होते की नव्हते, किंवा काढून घेण्यास सबळ कारण होते की नव्हते, हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आमचे सांगणे एवढेच की, जी गोष्ट एका निर्णयाने मिळाली ती दुसऱ्या निर्णयाने गेली. मध्ये विधेयक आले नाही, मतदान झाले नाही. पिकाच्या बाबतीत हे एक वेळ सोसता येते. अर्ध्या उपचारावर असलेल्या मुलाच्या बाबतीत ते सोसण्यासारखे नाही.

आता कागदाकडे वळू. २०२४ पूर्वी ह्या योजनेत मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांची कुटुंबे होती. पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांपैकी ज्यांस लाभ मिळे ते राज्यातील १४ आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतील होते: मराठवाड्याचे आठ जिल्हे, आणि विदर्भातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा. त्यांनी सात-बाराचा उतारा अथवा आपण शेतकरी असल्याचा तलाठ्याचा दाखला दाखवावयाचा असे. हेतू चांगला होता, परंतु रोग जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी आणि त्याला लागून असलेले अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड, ह्या दोन तालुक्यांवर अवर्षण सारखेच पडते. पण पांढऱ्या शिधापत्रिकेच्या दोन शेतकऱ्यांपैकी आष्टीच्या मुलास योजनेचे दार उघडे आणि जामखेडच्या मुलास बंद, अशी स्थिती त्या काळात होती. आज सर्व शिधापत्रिकांस प्रवेश असल्यामुळे हा दोष राहिलेला नाही, हे खरे. परंतु तो दोष निर्णयाने निर्माण झाला आणि निर्णयानेच गेला. उद्या तिजोरीस चणचण भासली तर त्याच वाटेने तो परत येणार नाही, ह्याची हमी कोणाजवळ आहे?

अशा चणचणीच्या वेळी मुलांचे काय होते, हे पाहावयाचे तर ज्या देशात हा प्रश्न राज्याराज्यांच्या कायदेमंडळांत अनेक वर्षे हाताळला गेला आहे, त्या देशाकडे पाहणे शहाणपणाचे होईल. असा देश म्हणजे अमेरिका. तेथे १९६५ साली मेडिकेड नावाची गरिबांच्या औषधोपचाराची व्यवस्था कायद्याने सुरू झाली. तिचा खर्च मध्यवर्ती सरकार व राज्ये मिळून करतात. परंतु मेडिकेड मिळण्याइतके गरीब नाहीत आणि स्वतःच्या पैशाने विमा घेण्याइतके सधनही नाहीत, अशा कुटुंबांची मुले मध्येच लोंबकळत राहिली. आमच्या मध्यम शेतकऱ्याची जी स्थिती, तीच त्यांची. त्यांच्यासाठी १९९७ च्या ऑगस्टात मुलांच्या आरोग्यविम्याचा स्वतंत्र कायदा झाला. १९ वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या ह्या कार्यक्रमास तेथे चिप ह्या संक्षिप्त नावाने ओळखतात. मध्यवर्ती सरकारने पैशाचा मोठा वाटा द्यावयाचा आणि नियमांचा पुष्कळसा भाग प्रत्येक राज्याने आपल्या कायद्याने ठरवावयाचा, अशी त्याची मांडणी आहे.

ह्या मांडणीचा सर्वांत बोलका अनुभव टेक्सस राज्याचा आहे. २००३ साली त्या राज्याच्या अंदाजपत्रकात मोठी तूट आली. कायदेमंडळाने त्या वर्षी जो कायदा केला त्यात मुलांचा विमा रद्द केला नाही. तसे करण्याचे धैर्य कोणत्याही लोकप्रतिनिधीस सहसा होत नाही. त्याऐवजी कागदाचे काम वाढवले. नावनोंदणी बारा महिने चालत असे, ती सहा महिन्यांवर आणली. म्हणजे आईबापांनी वर्षातून दोनदा मिळकतीचे पुरावे देऊन नूतनीकरण करावे. नव्याने येणाऱ्या मुलास ९० दिवस थांबावयास लावले. कुटुंबाच्या मालमत्तेची चौकशी वाढवली. दातांचे व डोळ्यांचे उपचार वगळले. त्या वर्षी सप्टेंबरात ५ लाखांहून अधिक मुले यादीवर होती. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, ती ३ लाखांच्याही खाली आली.

वाचकांनी ह्या आकड्यांवर क्षणभर थांबावे. तीन वर्षांत दोन लाख मुलांचे रोग नाहीसे झाले नाहीत, आणि तितक्या घरांत एकाएकी सुबत्ताही आली नाही. पुष्कळ ठिकाणी एवढेच झाले की अर्ज वेळेवर पोहोचला नाही, अथवा एखादा पुरावा कमी पडला. पीकविम्याची मुदत ज्यांची एका दिवसाने चुकली आहे, किंवा नुकसानीची खबर ७२ तासांत न दिल्यामुळे ज्यांचा दावा नाकारला गेला आहे, त्यांस हे अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. शिवाय ह्या काटकसरीतला हिशेबही चुकीचा होता. ह्या कार्यक्रमात टेक्ससला दर १०० डॉलरमागे सुमारे २८ डॉलर घालावे लागत आणि सुमारे ७२ डॉलर मध्यवर्ती सरकारकडून येत. म्हणजे २८ वाचवण्यासाठी ७२ वर पाणी सोडले गेले. अखेर २००७ साली त्याच कायदेमंडळाने नवा कायदा करून बारा महिन्यांची नोंदणी पुन्हा आणली.

ह्याच्या उलट उदाहरण लुइझियाना राज्याचे आहे. २००९ च्या सुधारणा-कायद्याने राज्यांस अशी मोकळीक दिली की, एका सरकारी खात्याने कुटुंबाची मिळकत तपासलेली असेल तर दुसऱ्या खात्याने तीच नोंद मान्य करावी. लुइझियानाने अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी हाती घेतल्या आणि त्यांतील ज्या मुलांस विमा नव्हता त्यांची नावे आपण होऊन यादीवर चढवली. २०१० च्या फेब्रुवारीत, पहिल्याच महिन्यात, १०,००० हून अधिक मुले अशा रीतीने आत आली. आईबाप सरकारच्या दारी गेले नाहीत. सरकारने आपलेच दप्तर उघडून पाहिले. जो कागद टेक्ससमध्ये आडकाठी झाला, तोच कागद लुइझियानात वाट झाला.

पुढे अमेरिकेत हा धडा अधिक खोलवर उतरला. २०२० च्या मार्चपासून महामारीच्या काळात मेडिकेडच्या यादीवरील नावे सहसा काढावयाची नाहीत असे ठरले होते. २०२३ च्या एप्रिलपासून ती सूट संपली आणि छाननी पुन्हा सुरू झाली. त्या छाननीत लहान-मोठी मिळून अडीच कोटींहून अधिक माणसे यादीबाहेर गेली, आणि त्यांपैकी दहांतली सुमारे सात केवळ कागदपत्रांच्या कारणाने गेली. मुलांच्या बाबतीत असे वारंवार होऊ नये म्हणून १ जानेवारी २०२४ पासून सर्व राज्यांस असा कायदा लागू झाला की, एकदा नाव चढलेल्या मुलाचे संरक्षण, मध्यंतरी बापाची मिळकत वाढली तरी, बारा महिने खंडित होऊ नये. ऑरेगॉन राज्य ह्याहून पुढे गेले. जन्मापासून सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाची पुन्हा छाननी करावयाचीच नाही, अशी परवानगी त्याने २०२२ साली मध्यवर्ती सरकारकडून मिळवली. परंतु २०२५ च्या जुलैत मध्यवर्ती सरकारने, अशा बहुवर्षीय परवानग्या ह्यापुढे देणार नाही व दिलेल्यांची मुदत वाढवणार नाही, असे जाहीर केले. येथेही तोच बोध घ्यावा. बारा महिन्यांचा नियम कायद्यात आहे. सहा वर्षांचा नियम परवानगीवर होता. परवानगी देणाऱ्याचे मन फिरले की परवानगीची मुदत भरते.

कायदा झाला की सर्व झाले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. चिपच्या पैशाची तरतूद ठरावीक मुदतीची असते. ती मुदत ३० सप्टेंबर २०१७ रोजी संपली आणि अमेरिकेच्या काँग्रेसने नवी तरतूद वेळेत केली नाही. तेव्हा कोलोरॅडो व व्हर्जिनिया ह्यांसारख्या राज्यांनी, तुमच्या मुलाचा विमा बंद पडण्याचा संभव आहे, अशी पत्रे आईबापांस धाडली. पुढे २२ जानेवारी २०१८ रोजी सहा वर्षांची व थोड्याच दिवसांनी एकंदर दहा वर्षांची तरतूद झाली. परंतु जवळजवळ चार महिने लक्षावधी घरांनी ती काळजी वाहिली. पाटास पाणी सोडण्याचे कलम नसेल, तर पाट खणून ठेवल्याने शेत भिजत नाही.

हा सर्व अनुभव शेतकऱ्यास विशेष लागू पडतो, आणि त्याचे कारण शेतीच्या मिळकतीच्या स्वरूपात आहे. नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्यास सारखा असतो. त्याची ऐपत कोणत्याही महिन्यात मोजली तरी आकडा तोच येतो. शेतकऱ्याच्या हाती सोयाबीन किंवा कापूस विकला त्या महिन्यात पैसा दिसतो आणि पुढे कित्येक महिने दिसत नाही. पट्टी मिळाली त्या दिवशी त्यास श्रीमंत ठरवावयाचे आणि ती रक्कम सोसायटीच्या कर्जात जमा झाली त्या दिवशी गरीब ठरवावयाचे, असा हा खेळ आहे. मिळकतीची जितकी वारंवार छाननी होईल तितकी शेतकऱ्याच्या मुलाचे नाव गळण्याची भीती अधिक. तीच गोष्ट ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांची. त्यांची शिधापत्रिका बीडच्या गावी आणि मूल सांगली-कोल्हापूरच्या फडात. आमच्या बागायतदार वाचकांचा ऊस ज्यांच्या हातांनी तुटतो, त्यांचे मूल फडावर तापाने फणफणले असता कागद कोठे आहे हा पहिला प्रश्न व्हावा, हे आमच्यातील कोणासही शोभत नाही.

मग कायदा कसा असावा? आमच्या मते त्यात पुढील गोष्टी असाव्यात. जन्मापासून १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत राज्यात राहणाऱ्या प्रत्येक मुलास उपचाराचा हक्क स्वतःच्या नावाने असावा, आणि त्यास जन्माची नोंद हा एकच कागद पुरेसा असावा. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालापासून आहेच. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते आणि गावोगावी ग्रामपंचायतीच्या दप्तरी ती नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जन्माच्या दाखल्यास शाळाप्रवेशापासून अनेक कामांत एकमेव पुरावा म्हणून मान्यता मिळाली आहे. जो दाखला शाळेच्या दारात चालतो तो दवाखान्याच्या दारात का चालू नये? दुसरे, एकदा सुरू झालेला उपचार कोणत्याही निर्णयाने मध्येच थांबवता येऊ नये. तिसरे, उपचार नाकारला तर त्याचे कारण लेखी मिळावे आणि त्यावर दाद जिल्ह्याच्या ठिकाणीच, थोड्या दिवसांत मिळावी. चौथे, पैशाची तरतूद कायद्यातच असावी.

पाचवी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आजच्या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर धावून येतात. मुलांचे दुखणे मात्र बहुधा लहान असतानाच ओळखावयाचे असते. अमेरिकेत १९६७ च्या दुरुस्तीने मेडिकेडखालील २१ वर्षांच्या आतील मुलांची वेळोवेळी तपासणी करणे आणि तीत जे आढळेल त्याचा उपचार करणे राज्यांवर बंधनकारक झाले. आपल्याकडे ह्या दिशेची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांस वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांस एकदा तपासतात. जन्मजात व्यंगे, रोग, जीवनसत्त्वादिकांची उणीव आणि वाढीतील मंदपणा ह्या चार गोष्टी पाहतात. तपासणीत दोष आढळला की त्यावरचा उपचार मुलास हक्काने मिळाला पाहिजे, अशी सांधेजोड कायद्याने करावी. कीड पाहून ठेवावी आणि फवारणी नशिबावर सोडावी, असे शहाणा शेतकरी करीत नाही.

राज्यास असा कायदा करण्याचा अधिकार आहे काय, अशी शंका कोणी घेईल. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांच्या सूचीतच आहे. आणि योजनेचा कायदा कसा करावा, हे महाराष्ट्रास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचे काम योजना म्हणून चालले. वि. स. पागे ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. हाताला काम मागणे ही विनवणी होती, ती हक्क झाली. २००५ साली संसदेने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच नमुना तिच्यापुढे होता. जे राज्य कामाच्या बाबतीत सर्व देशास वाट दाखवू शकले, त्यास मुलांच्या औषधोपचाराच्या बाबतीत अशक्य असे काय आहे?

ह्यावर घेतले जाणारे आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप पैशाचा. तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर सरकारने पाहावे असे म्हणून शेतकऱ्यास मोकळे होता येणार नाही. रोजगार हमीसाठी १९७५ च्या कायद्याने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला. त्याच कामासाठी बागायत जमिनीवरही कर बसला, आणि करांतून येईल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. म्हणजे शहराने दिले, बागायतदाराने दिले व सरकारनेही दिले. मुलांच्या कायद्यासाठी असाच वाटा मागितला गेला, तर ज्यांच्या शेतात बारमाही पाणी आहे त्या आमच्या वाचकांनी नाक मुरडू नये. हक्क मागणाऱ्याने वर्गणीस मागे सरणे हे आमच्या मते न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा. काही रुग्णालये खोटी बिले लावतील, नको ती शस्त्रक्रिया करतील, असे म्हणतात. तसे होण्याचा संभव आहे, आणि म्हणून कायद्यात तपासणी व शिक्षा ही कलमे कडक असावीत. परंतु मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यास शासन करावयाचे सोडून शेतकऱ्याच्या मालासच बाजारात येऊ न देणे जसे, तसेच रुग्णालयाच्या लबाडीसाठी मुलाच्या वाटेत कागदांचे कुंपण घालणे होय.

तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. विमा कशाला, तोच पैसा सरकारी दवाखान्यांस द्या, असे कित्येक जाणते लोक म्हणतात. ह्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. तालुक्याच्या रुग्णालयात बालरोगाचा डॉक्टर नसेल, रात्री दिवा नसेल, तर पाच लाखांचा हक्क म्हणजे विहिरीवाचून मोट. म्हणूनच आम्ही केवळ विम्याचा कायदा मागत नाही. मुलाच्या उपचाराचा कायदा मागतो. तो उपचार सरकारी दवाखान्यात होवो की खासगी रुग्णालयात होवो, तो मिळवून देण्याची जबाबदारी सरकारची, असे कायद्यात एकदा लिहिले गेले, म्हणजे दूरच्या रुग्णालयाची बिले भरण्यापेक्षा जवळचा दवाखाना सुधारणे स्वस्त पडते, हे हिशेबनीस आपण होऊन सांगू लागतील.

आमच्यातील काही स्वाभिमानी शेतकरी असेही म्हणतील की, आम्ही जमीनधारक आहो. मुलाच्या औषधासाठी सरकारपुढे हात पसरणे आम्हांस आवडत नाही. त्यांच्या स्वाभिमानाचा आम्हांस आदर आहे, आणि तोच स्वाभिमान आमच्या बाजूने बोलतो. शासन निर्णयाने मिळते ते दान होय. देणाऱ्याच्या मर्जीपर्यंत ते टिकते. कायद्याने मिळते ते आपले असते. कालव्याचे पाणी ज्यास हक्काने मिळते तो पाटकऱ्यापुढे हात जोडीत नाही, आपल्या पाळीची वाट पाहतो.

कायदा होईपर्यंत आपण स्वस्थ बसावे असे नाही. घरी मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करावी आणि दाखला हाती घ्यावा. शिधापत्रिकेवरही त्याचे नाव चढवून घ्यावे. आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांची नोंद झाली आहे की नाही, ह्याची विचारपूस करावी. अंगणवाडीत व शाळेत तपासणीचे पथक आले होते की नाही, त्याने कोणत्या मुलांस पुढे पाठवले व त्यांचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारावे. मुलांच्या उपचाराचा कायदा व्हावा असा ठराव ग्रामसभेने व सहकारी सोसायटीने करून आपल्या आमदारांकडे पाठवावा. मते मागावयास जो येईल त्याने योजनेचे आश्वासन दिले तर तेवढ्यावर त्यास सोडू नये. विधेयकास मत देणार काय, हे विचारावे.

आम्ही पिकास भाव मागतो, पाण्यास हक्क मागतो, कर्जास मुदत मागतो, आणि ते योग्यच आहे. त्या मागण्यांच्या यादीत मुलांच्या औषधोपचाराचा कायदा अद्याप शेतकऱ्यांनी घातलेला नाही. तो येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनापूर्वी घालावा, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.